गाठ मारलेली पिशवी

माझ्या घरात येऊन माझ्या हातचं न खाणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. उज्ज्वला ढवळे वरची खोली बघायला आली तेव्हा तिनं चहा घेतला, पण मी तळलेला फुगा बशीत तसाच ठेवला.

“आज नको, मावशी. शनिवारी खाईन.”

त्या दिवशी मंगळवार होता. वार बघून भूक लागणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

आमच्याकडच्या ख्रिस्ती लग्नांत फुगे लागतातच. मैदा, अंडी आणि नारळाचं दूध ताडी घालून भिजवायचं, हात कोपरापर्यंत घालून फेटायचं, आंबू द्यायचं आणि मुठीतून एकेक गोळा पिळून तेलात सोडायचा. मी ख्रिस्ती नाही. आमची गोखिवऱ्याला भातशेती होती, ती विकली गेली, तिथे आता गाळे आहेत. नवरा गेल्यावर मी वीस वर्षं बेकरीत पीठ मळलं. माझ्या शेजारी फिलोमीना मळायची, फुगे तिनं शिकवले. आता ऑर्डरी मीच घेते, कारण तिचे खांदे गेले. प्रत्येक वेळी थोडं पीठ मी चिनीमातीच्या बरणीत राखते, तेच पुढच्या पिठाचं खमीर. मी बेकरी सोडल्यापासून ती बरणी कधी रिकामी झालेली नाही. माझ्या घराला तिचा वास आहे. मला तो येत नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला येतो.

तरीही मी खोली दिली. बाई एकटी होती, सामान थोडं होतं, आणि खोलीत स्वयंपाक करणार नाही असं म्हणाली. तीन वर्षं राहिली.

चाळिशीची असेल. मूळची बार्शीकडची. मुंबईत एका मोठ्या संस्थेत संशोधन करायची. अंगानं हडकुळी. केस इतके ओढून बांधायची की भुवया वर गेल्यासारख्या दिसायच्या. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. आणि हुंगायची. दूध हुंगायची, टॉवेल हुंगायची, आत येताना उंबऱ्यावर उभी राहून मांजरीसारखी हवा हुंगायची. हात धुतले की बोटांची टोकं नाकाशी नेऊन बघायची. बोलायची कमी, आणि जे बोलायची त्यात एक शब्द ठरलेला. कशावरून?

एकदा मी म्हटलं, “आज पानी नाय येनार.”

“कशावरून?”

“काल नाय आलं.”

“काल नाही आलं म्हणून आज नाही, हे कशावरून?”

मी बादली तिच्या हातात दिली आणि तिला नळाखाली उभी केली. पाणी आलं. मला वाटलं, आता ही मान ताठ करील. तर म्हणाली, “एक दिवस आलं, मावशी. त्यावरून काही ठरत नाही.”

अशा माणसाबरोबर भांडताही येत नाही.

तिच्या वागण्यात काहीतरी लपवालपवी आहे, हे मला पहिल्या महिन्यातच दिसलं. वर जायला दोन वाटा आहेत. आतला जिना माझ्या स्वयंपाकघरातून जातो आणि लोखंडी जिना मागच्या अंगणातून. सोमवार ते शुक्रवार ती लोखंडी जिन्यानंच जायची यायची, भर पावसातसुद्धा. कामावरून घरी आल्यावर अंघोळ करणारी माणसं मी पाहिली आहेत. बेकरीतून आल्यावर मीही करायचे. ही कामाला जाण्याआधी रगडून अंघोळ करायची, वर दारात पुन्हा हातपाय धुवायची. बरोबर एक प्लास्टिकची पिशवी असायची, तोंडाला दोन गाठी मारलेली. ती पिशवी ती जमिनीवर टेकवत नसे. मी एकदा धरू का म्हटलं, तर पाठीमागे नेली.

शनिवारी मात्र ती आतल्या जिन्यानं खाली यायची, पाटावर बसायची आणि सहा-सात फुगे खायची. मटणाच्या रश्श्यात बुडवून, बोटं चाटून. रविवारी दुपारी डोक्यावरून पाणी घ्यायची, कपडे भिजत घालायची, आणि मग परत शनिवारपर्यंत मागच्या अंगणातूनच बोलायची.

माझा हिशेब साधा होता. आमचं हिला चालत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी जीभ ऐकत नाही. अशी माणसं मी लहानपणी पाहिली होती. ती निदान तोंडावर सांगायची. विचारलं असतं तर हिनंही सांगितलं असतं. मी विचारलं नाही. मला वाटलं, मला कळलंय.

मग फोनची गोष्ट घडली. माझा मुलगा मोरेश्वर, त्याचा प्लास्टिकच्या डब्यांचा गाळा आहे, तो जेवायला घरी आला होता. गच्चीवर ही फोनवर कोणाशी बोलत होती आणि आवाज खाली येत होता.

“फ्लूचं घातलेले सगळे बसले. एकही वाढला नाही. हो, मस्त.”

मोरेश्वरनं घास हातात धरला. कोरोना जाऊन फार वर्षं झाली नव्हती आणि आमच्या आळीनं त्यात माणसं घालवली होती.

“आई, ही बाई डेंजर आहे. घरात रोग आणते. उद्याच्या उद्या खोली खाली कर.”

“आधी विचारते.”

“विचारून काय ती हो म्हणणार आहे?”

त्याचं खोटं नव्हतं. तरी शनिवारी ती पाटावर बसली, तेव्हा मी ताट पुढं केलंच नाही.

“काय गो बाय, तू फ्लू घरात आनतेस काय?”

ती चिडली नाही. चष्मा काढून पदरानं पुसावा तसा ओढणीनं पुसला. “नाही. फ्लू तिकडंही नाही. अख्खा व्हायरस आम्ही हातात धरत नाही. त्याच्या अंगातला एक भाग, तो करायची कृती फक्त माझ्याकडं आहे. ती कृती मी यीस्टमध्ये घालते.”

“यीस्ट म्हन्जे खमीर.”

“खमीरच. तुमच्या बरणीतल्याचं चुलत भावंड.”

“आन खमिराला फ्लू होतो?”

“होत नाही. म्हणून तर बरं. पण ती कृती वाचून खमीर तो भाग बनवतं. तो भाग म्हणजे एक भोक, मावशी. खमिराच्या अंगाला भोक पडतं आणि ते गळायला लागतं. आजारी खमीर तुम्ही कसं ओळखता?”

“फुगत नाय. वाढत नाय.”

“मीही तेवढंच बघते. प्रयोगाच्या ताटलीत वाढलं नाही, म्हणजे भोक पडलंय. मग त्यावर एकेक औषध घालायचं. ज्या दिवशी वाढेल, त्या दिवशी त्या औषधानं भोक बुजवलं. तेच औषध उद्या फ्लूलाही अडवेल. कदाचित.”

हे मला कळलं. पीठ बसतं कधी आणि उठतं कधी, हे बघण्यात माझा जन्म गेला.

“घरात कोन गेलं काय गो तुज्या, फ्लूनं?”

“नाही. तो भाग कसा काम करतो ते मला कळत नव्हतं, म्हणून.”

एवढ्यासाठी माणूस घरदार सोडून भाड्यानं राहतं, हे काही मला पटलं नाही. तिनंच पुढं सांगितलं की तिची जागा पक्की नाही, मार्चपर्यंतच आहे. तोवर एकतरी औषध सापडलं तर सर तिला ठेवून घेणार, नाहीतर नाही. दीड वर्षात एकही ताटली वाढलेली नव्हती.

मी ताट पुढं केलं. मोरेश्वरला सांगितलं, राहू दे तिला. पण त्या पिशवीचं मनातून जाईना. तिकडं रोग नाही म्हणते, तर मग रोज गाठी मारून नेते काय?

डिसेंबरात फिलोमीनाच्या भाचीचं लग्न होतं. शुक्रवारी सकाळी लग्न, म्हणून गुरुवारी पहाटेपासून मी पीठ फेटत होते. दोन घमेली झाली होती, हात कोपरापर्यंत भरलेले. तेवढ्यात उज्ज्वला मागच्या जिन्यानं उतरली, पिशवी अंगणातल्या खिळ्याला अडकवली आणि काहीतरी विसरलं म्हणून परत वर गेली. वरून कपाट उघडल्याचा आवाज आला.

मी हात पुसले. धुतले नाहीत, पदराला पुसले. गाठी सोडल्या.

आत एक सुती पांढरा सदरा होता, लांब बाह्यांचा, इस्त्री केलेला. डोक्याला बांधायचं फडकं. एक वही. बाकी काही नाही. मी सदऱ्याच्या घड्या उलगडून बघितल्या, बाह्यांत हात घालून बघितलं. काहीच नव्हतं. चोरी पकडायला जावं आणि सगळं जागच्या जागी सापडावं, तसा मला राग आला. घड्या घातल्या, गाठी मारल्या. तशाच दोन.

ती उतरली, पिशवी घेतली, गेली.

पंधराएक दिवसांनी ती पेढे घेऊन आली. वार बुधवार, तरी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

“वाढलं, मावशी.”

“म्हन्जे औषध सापडलं?”

“सर तसं म्हणतात.”

“आन तू?”

“चांगलं झालं की मला भीती वाटते.”

मी पेढा खाल्ला. तिनं स्वतः खाल्ला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. दुसरी कोणी असती तर गावाला फोन करत बसली असती. ही त्या दिवसापासून जेवेनाशी झाली. गच्चीवर फेऱ्या मारायची. एकदा मी वर वाळवण घालायला गेले तर वही मांडीवर घेऊन बसली होती, ओठ हलत होते.

“मार्चचं काम झालं ना तुजं? मग सुतक कसलं?”

“नुसत्या एकाच दिवशीच्या ताटल्या वाढल्या, मावशी. त्यातलंच उचलून पुढं लावलं की दर वेळी वाढतं. झोकात वाढतं. माझं खमीर असं वाढत नाही. ते नाजूक आहे, त्याला ठरावीकच खाणं लागतं. हे मिळेल त्यावर वाढतंय. काल मी औषध न घालताच लावून बघितलं.”

“मग?”

“तरी वाढलं.”

“सरांना सांगितलंस?”

“ते म्हणाले, असं होतं कधी कधी, आता खुसपटं काढत बसू नका. त्यांना पुढं कळवायची घाई आहे.” मग तिनं बोटांची टोकं नाकाशी नेली, जणू अजून वास तिथंच होता. “मी ताटली उघडली आणि वास घेतला. घेऊ नये, पण घेतला. ओळखीचा होता. तुमच्या घराचा.”

मी वाळवणाचे पापड सरळ करत राहिले.

“मावशी, मी रोज डोक्यावरून पाणी घेऊन जाते, मागच्या जिन्यानं जाते, कामाच्या दिवसांत तुमच्या जवळ येत नाही. तुमचं खमीर माझ्या ताटलीत जाऊ नये म्हणून. त्याचा एक कण पुरतो. कसं गेलं असेल? माझ्या पिशवीला कोणी हात लावला होता का?”

“नाय,” मी म्हटलं.

ती “कशावरून?” म्हणेल म्हणून मी वाट बघितली. म्हणाली नाही. माझ्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला. तीन वर्षांत तिनं कुठली गोष्ट विचारल्याशिवाय मान्य केली असेल तर ती एवढीच.

खाली येऊन मी बरणीचं झाकण उघडलं. मला वास येत नाही म्हटलं ना, त्या दिवशी आला.

इतके दिवस मी समजत होते, ही आम्हाला विटाळ मानते. मोरेश्वर समजत होता, ही आमच्याकडं रोग आणते. आणि ती तिकडं भीत होती ती माझ्या बरणीला. मला हसूही येईना. हिची भीती खरी निघाली होती, आणि ती माझ्या हातानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोखंडी जिन्यानं उतरताना मी खाली उभी राहिले. पिशवी छातीशी धरलेली होती.

“मी सोडली व्हती,” मी म्हटलं. “गाठ. फिलोमीनाच्या भाचीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. काय नेतेस ते बघायचं व्हतं.”

मला वाटलं, ही आता रडेल किंवा बोलेल. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती पायरीवर बसली, वही काढली, पेनाचं टोपण दातांत धरलं.

“गुरुवार ना? किती वाजता?”

“तू वर गेलीस ना परत, तवा.”

“हात ओले होते?”

“पिठाचे. पुसले व्हते.”

“कशाला लावले? फडक्याला की सदऱ्याला?”

“सदऱ्याला. बाहीत घातला हात.”

“उजव्या की डाव्या?”

“आता काय आठवतं मला? दोन्ही.”

“दोन्ही,” तिनं लिहिलं. मग वही माझ्यापुढं धरली. मी चौथीपर्यंत शिकलेली, बारीक अक्षर वाचायला मला वेळ लागतो. तारीख होती, वार होता, आणि लिहिलं होतं, यमुनामावशी, दोन्ही हात, आंबलेलं पीठ, दोन्ही बाह्या. पुढं एक रेघ मारून, त्याच दिवशीच्या ताटल्या. रागाचा एक शब्द त्यात नव्हता.

“थोडं खमीर द्याल?” ती म्हणाली. “फेटलेलं नाही, बरणीतलं. तपासून बघते.”

“आता काय तपासायचं? मी सांगितलं ना.”

“तुम्ही हात लावलात एवढं कळलं. तेच खमीर ताटलीत आहे, हे कशावरून?”

तिनं वरून आणलेल्या बाटलीत मी चमचाभर खमीर घातलं. बाटली तिनं तीन पिशव्यांत घातली आणि दोरीनं बांधली. ती बाहेर पडली तेव्हा मी मनात धरून बसले होते की दुसरंच काही निघेल.

आठवड्यानं आली. आत आली नाही, खिडकीतूनच म्हणाली, “तुमचंच.”

“सरांना ठावं हाय?”

“आज सांगितलं. लेखी दिलं.”

“मेले, कोनाला कळलं नसतं ना?”

“सरही तेच म्हणाले. म्हणाले, आत्ता गप्प राहा, मार्च होऊ दे, मग हळूच परत करून बघू.” ती खिडकीचा गज धरून उभी होती. “ते औषध मी स्वच्छ ताटल्यांवर परत घालून बघितलं, मावशी. पाच वेळा. काही वाढलं नाही. भोक तसंच आहे. मी वाढलं म्हटलं असतं, तर कोणीतरी दोन वर्षं त्या औषधामागं घालवली असती.”

मोरेश्वरला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, “एवढी शिकलेली बाई आणि एवढी येडी.” मी म्हटलं, जेव गपचूप. मला तिचा राग येत होता. तिनं गप्प राहायला हवं होतं असं अजूनही मला अधूनमधून वाटतं. ती गप्प राहिली असती तर माझ्या डोक्यावरचं ओझं हलकं झालं असतं, म्हणून वाटत असेल.

मार्च आला. तिला कोणी ठेवलं नाही. सर वाईट बोलले नाहीत, असं ती म्हणाली. पुढं दुसऱ्या कोणाला तरी घेतलं.

खोली सोडायचा दिवस ठरला. सामान तेवढंच, दोन बॅगा आणि पुस्तकांचा एक खोका. त्या दिवशी माझ्याकडं विरारची एक ऑर्डर होती, म्हणून मी सकाळीच घमेलं घेऊन बसले होते. आतल्या जिन्यावर पावलं वाजली. आतल्या. ती खाली आली, पाटावर बसली आणि कुडत्याच्या बाह्या वर सारल्या.

“फेटू का थोडं?”

“येतं तुला?”

“खमिराचंच शिक्षण झालंय माझं.”

“कशावरून?” मी म्हटलं.

ती हसली. तीन वर्षांत दात दिसतील असं हसताना मी तिला पहिल्यांदा बघितलं. मग तिनं दोन्ही हात पिठात घातले. फेटायला तिला येत नव्हतं. मनगटानं फेटत होती, खांद्यानं फेटायचं असतं. मी सांगितलं नाही. पीठ कोपरापर्यंत चढलं, नखांत गेलं, केसांची बट डोळ्यावर आली ती तिनं पिठाच्याच हातानं मागं सारली. मधेच एकदा बोटं नाकाशी नेली आणि परत घमेल्यात घातली.

“दुसरीकडं लागेल तुला काम,” मी म्हटलं. मला असलं बोलायची सवय नाही.

ती “कशावरून?” म्हणाली नाही. फेटत राहिली.

पहिला घाणा मी तिच्यासाठी काढला. तिनं चार फुगे खाल्ले, दोन कागदात बांधून घेतले. बाहेर रिक्षा आली. मोरेश्वरनं खोका ठेवला, बॅगा ठेवल्या. ती माझ्या पाया पडायला वाकली, मी म्हटलं, उठ, पिठाचे पाय आहेत.

तो मंगळवार होता. रिक्षा वळली तेव्हा तिची प्लास्टिकची पिशवी मागच्या सीटवर पुस्तकांच्या खोक्यावर ठेवलेली दिसली. आतल्या सदऱ्याची एक बाही बाहेर आली होती आणि वाऱ्यानं हलत होती. तोंडाला गाठ नव्हती.